एकट्याचा गळा आणि यंत्राची झील



हमालांची युनियन चालविणाऱ्या माणसाने गाण्यावर काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझा गळा गाण्याचा नाही आणि संगीताची कोणतीही परीक्षा मी दिलेली नाही. पण नांदेड-लातूरच्या मोंढ्यांत मी तीस वर्षे घोषणा दिल्या आहेत. एकाने हाक द्यावी आणि अनेकांनी ती उचलावी, हाच माझा धंदा. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात नांदेडला एक तरुण स्वतःची गाणी गाताना एकट्यानेच चौघांची साथ उभी करतो हे पाहिले, तेव्हा त्याच्या पायाशी असलेल्या पेटीने माझे लक्ष वेधून घेतले. तिला लूपर म्हणतात. कार्यक्रमानंतर त्याच्याजवळ बसून मी ती समजून घेतली.

पेटी लहान वहीएवढी. गायक पायाने कळ दाबतो आणि गिटारीच्या अंगावर थाप देत आठ मात्रांचा ठेका धरतो. पुन्हा कळ दाबली की तेवढा तुकडा पेटी लक्षात ठेवते आणि न थांबता फिरवू लागते. त्या फिरत्या ठेक्यावर तो गिटारीचे सूर टाकतो. तेही फिरू लागतात. मग स्वतःच्याच आवाजातला आकार. असे थरावर थर बसले म्हणजे तो मोकळ्या गळ्याने कडवे म्हणतो. सारी मख्खी पहिल्या फेरीत आहे. तबलजी ज्याला आवर्तन म्हणतो, त्याची लांबी तेथे ठरते. दुसऱ्या वेळी कळ समेवर पडली नाही, अर्धी मात्रा इकडेतिकडे झाली, तर तो लंगडेपणा प्रत्येक फेरीत परत येतो.

ही युक्ती जुनी आहे. १९६३ साली पॅरिसमध्ये टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने एका फ्रेंच तंत्रज्ञाच्या मदतीने दोन टेपरेकॉर्डर वापरून ती साधली. एका यंत्रावर आवाज मुद्रित व्हायचा, तीच फीत पुढे दुसऱ्या यंत्रात जाऊन वाजायची, आणि तो आवाज पुन्हा पहिल्याकडे यायचा. दोन यंत्रांत अंतर जितके, तितक्या उशिराने प्रतिध्वनी. पुढे फीत गेली, विजेची स्मरणशक्ती आली, आणि खोलीभर पसारा पायाखाली मावला. २०१५ साली लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर एड शीरन या गायकाने लागोपाठ तीन रात्री, साथीदारांचा ताफा न घेता, गिटार आणि अशी पेटी यांवर कार्यक्रम केले.

एकट्याने गाणे आपल्याला नवे नाही. पहाटेचा वासुदेव टाळ-चिपळ्यांवर दारोदार एकटाच गातो. एकतारीची तार हीदेखील न थांबणारी साथच. पण कथा मोठी झाली, रात्र लांबली, की आपल्याकडे दुसरा गळा येतो. माहूरच्या रेणुकेचा किंवा तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ घ्या, माळेगावच्या यात्रेतले वाघ्या-मुरळी घ्या, की शाहिराचा पोवाडा घ्या. मुख्य गाणाऱ्याच्या मागे झील धरणारा असतोच. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले, तेही पथकच होते. झीलकरी ओळीचे शेवट उचलतो, सूर धरून ठेवतो आणि शाहिराला श्वास घेऊ देतो.

हे काम पेटी करू शकते काय? मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी लातूरला हमालीच्या दरासाठी आमचा संप चालू होता. सभेत आमचा शाहीर पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून गेलेल्या साथीदाराविषयी गात होता. त्या नावापाशी त्याचा गळा दाटला आणि ओळ अर्ध्यावर तुटली. झीलकरी स्वतः हमालच. त्याने ‘जी जी रं जी’ एकदाच्या ठिकाणी चारदा म्हटले. आवाज खाली आणला, लय संथ केली, तुणतुणेवाल्याला नजरेने थोपविले. शाहिराने डोळे पुसले, तेव्हा पुढचा शब्द हळूच त्याच्या कानात टाकला. यंत्रानेही झील चालू ठेवली असती, हे मी मान्य करतो. पण ती त्याच लयीत, त्याच आवाजात, त्याच्याकडे न पाहता चालली असती.

म्हणून यंत्र फोडा, असे मी म्हणणार नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला, त्यात एका माणसावर अधिक मागांचा बोजा टाकण्याचा प्रश्न मोठा होता. चार साथीदारांचे काम एकट्याच्या पायावर आले, की मलाही तोच प्रश्न पडतो: वाचलेली मजुरी गेली कोठे? मी त्या तरुणाला हे विचारले. तो म्हणाला, “काका, चौघांची बिदागी देतो कोण? माझं एकट्याचं भाडं निघणं मुश्किल!” उत्तर खरे होते. पैसा त्याच्या खिशात गेलेला नव्हता. तो मुळात दिलाच गेलेला नव्हता. मंडपावर, दिव्यांवर, हारतुऱ्यांवर खर्च होतो आणि साथीदाराच्या नावापुढे शून्य पडते. ते शून्य भरण्याचे काम पेटीकडे आले आहे.

त्या तरुणाला मी एवढेच सुचविले: ठेका पेटीला दे, सूर पेटीला दे, पण झील तिला देऊ नकोस. ध्रुपद आले की पायाने कळ बंद कर आणि समोरच्या माणसांना म्हणायला लाव. ती थोडी बेसूर होतील, थोडी मागे राहतील, पण तुझा गळा दाटला तर थांबतील.

आणि आपणा श्रोत्यांना, विशेषतः पुढील वर्षी कार्यक्रम ठरविणाऱ्या मंडळींना, एक विनंती आहे. गायकाला बोलावणे धाडताना ‘आपल्याबरोबर किती जण येणार?’ असे विचारा, आणि जितके सांगेल तितक्यांची बिदागी धरा. त्यानंतरही तो पेटी घेऊन एकटाच आला, तर ती त्याची आवड समजू. आज ती त्याची आवड आहे की आपली काटकसर, हे आपण त्याला विचारलेलेच नाही.