रिगवर जाणाऱ्या आपल्या मुलांचं खाणं आणि तब्येत

बीड जिल्हा म्हटलं की लोकांना ऊसतोड आठवते. पण आपल्या मोहल्ल्यांतली काही मुलं आता आयटीआय करून वेल्डर, फिटर, रिगर म्हणून थेट समुद्रात जातात. कुणी मुंबई हायला, कुणी सौदी-कतरच्या आखातात.

मागच्या महिन्यात आमचा असाच एक जुना विद्यार्थी भेटायला आला. माजलगावकडचा, वय बत्तीस, तोंड उतरलेलं. ड्युटीवर परत जाण्याआधीच्या मेडिकलमध्ये त्याला थांबवलं होतं. बीपी आणि साखर, दोन्ही वाढलेली. तीन महिन्यांनी परत या म्हणाले. घरात बहिणीचं लग्न ठरलेलं. "सर, मला तर काहीच त्रास नव्हता," एवढंच तो म्हणत राहिला. त्रास होत नाही, हीच बीपीची खरी अडचण.

मुंबई हाय हे तेलक्षेत्र 1974 साली सापडलं. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर आत समुद्रात. तिथं बारा तासांची शिफ्ट असते. कायम नोकरीवाल्यांना साधारण चौदा दिवस काम आणि चौदा दिवस सुट्टी; कंत्राटी मुलं त्याहून जास्त दिवस अडकून राहतात. चालायला जागा नाही, घरची आठवण येते आणि मेसमध्ये जेवण फुकट. भात, मटण, चिकन, तळलेलं, केक, कोल्ड्रिंक, रात्रपाळीलाही. आपला पोरगा ऊसाच्या फडात वाढलेला, त्याला वाटतं कष्टाचं काम आहे, जिरेल सगळं. पण क्रेनवर किंवा पॅनलसमोर बसणाऱ्याचं काय जिरणार?

ताटाचा हिशेब सोपा ठेवावा. अर्धं ताट भाजी आणि सॅलड, पाव ताट भात किंवा रोटी, उरलेल्या पाव भागात डाळ, अंडी, मासे किंवा चिकन. लोणचं-पापड कमी, कारण मिठाने बीपी चढतं. रात्रपाळी असेल तर मुख्य जेवण कामाआधी करावं, मध्यरात्री हलकं खावं आणि झोपेच्या चार-पाच तास आधी चहा बंद. आखातातल्या उन्हात लोखंड तापतं, अंगात जाड कव्हरॉल असतो; तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं पाणी प्यावं. लघवी गडद पिवळी झाली की समजावं, पाणी कमी पडतंय. कोल्ड्रिंक म्हणजे पाणी नव्हे.

हलालची शंका असेल तर लाजू नये, मेसच्या प्रमुखाला विचारावं. खात्री नसेल तर मासे, अंडी, डाळ असतेच. रमजानमध्ये कडक उन्हात ड्युटी आली तर प्रवासी आणि आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करायची सवलत आहे. आपल्या बाबतीत ती कशी लागू होते हे निघण्याआधीच आलिमांना आणि डॉक्टरांना विचारून घ्यावं. गोळी चालू असेल तर तसं रिगवरच्या मेडिकला सांगावं आणि आठवडाभराच्या गोळ्या जास्त न्याव्यात, खराब हवामानात हेलिकॉप्टर येत नाही.

व्यायामाला वीस मिनिटं पुरतात. बऱ्याच रिगवर जिम असते. नसेल तर केबिनमध्ये बैठका, जोर, पोटाचे व्यायाम. "पाच वक्त नमाज पढतो, व्यायाम होतोच," असं काहीजण म्हणतात. नमाज इबादत आहे, तिच्यावर वजन उतरवायचं काम टाकू नये.

ही फक्त नोकरीची गोष्ट नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 हा बार्ज मुंबईजवळच्या समुद्रात बुडाला. त्यावर 261 जण होते. लाईफ जॅकेटच्या आधाराने लोक कित्येक तास खवळलेल्या पाण्यात होते. नौदलाने 180 हून जास्त जणांना वाचवलं, सत्तरहून अधिक गेले. अशा वेळी कोण वाचेल हे नशीब आणि मदत ठरवते, पण दम टिकणंही लागतं. ब्रिटनच्या समुद्रात तर 1 नोव्हेंबर 2026 पासून कपड्यांसह 124.7 किलोंपेक्षा जास्त वजनाच्या कामगाराला जाता येणार नाही, असं ठरलं आहे. बचाव हेलिकॉप्टरच्या दोराला किती भार झेपतो, यावर तो आकडा काढलाय.

आता घरच्यांना थोडं सांगतो. अर्धा दोष आमच्यासारख्यांचा आहे. मुलगा सुट्टीवर आला की पहिल्या दिवशी बिर्याणी, दुसऱ्या दिवशी खालाकडे दावत, मग कुणाचा वलीमा, आणि "खा बेटा, तिकडं काय मिळतं!" तिकडं सगळं मिळतं, अम्मी. मिळत नाही ती ज्वारी-बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, मोकळा रस्ता आणि शांत झोप. ते द्या. आणि तो यायच्या आधी दावती ठरवून ठेवू नका.

आमचा विद्यार्थी हल्ली फजरनंतर गावाबाहेर तासभर चालतो. त्याच्या अम्मीने घरातला साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय. साखर उतरलीय, बीपी अजून थोडं वर आहे. पुढची मेडिकल पंधरा दिवसांवर आलीय.