डॉ. रखमाबाई यांची वैद्यकीय कारकीर्द

१८८७ च्या २६ फेब्रुवारीस डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुण्यास निधन झाले. त्यानंतर सहाव्या दिवशी, ४ मार्च रोजी, मुंबईच्या उच्च न्यायालयात न्या. फॅरन यांनी रखमाबाई नावाच्या बावीस वर्षांच्या स्त्रीस असा हुकूम दिला की, तिने एक महिन्याच्या आत पतीच्या घरी नांदावयास जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तथापि वैद्यकाची पदवी संपादन करून आलेली महाराष्ट्रीय स्त्री व्यवसायास प्रारंभ होण्यापूर्वीच काळाने नेली, आणि तो व्यवसाय पुढे सुमारे पस्तीस वर्षे जिने करावयाचा होता ती त्या आठवड्यात प्रतिवादी म्हणून न्यायासनापुढे उभी होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

रखमाबाईंविषयी आजवर जे लिहिले गेले त्यातील फार मोठा भाग या खटल्याने व्यापलेला आहे. ते स्वाभाविकही आहे. संमतिवयाच्या वादाची आणि १८९१ च्या कायद्याची पार्श्वभूमी या खटल्यावाचून समजत नाही. परंतु खटला चालला चार वर्षे आणि रुग्णालयातील सेवा त्याच्या अनेक पटींनी अधिक काळ. चरित्राचा हा उत्तरार्ध झाकोळल्यामुळे पूर्वार्धाचा अर्थही अपुरा राहतो.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस सुतार जातीच्या एका सुस्थित कुटुंबात झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. या जातीत विधवाविवाहास मज्जाव नव्हता. ब्राह्मण कुटुंबांत ज्या प्रश्नावरून त्या काळी रणे माजत होती, तो या घरात प्रश्न म्हणून उपस्थितच झाला नाही. पुनर्विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली, आणि हीच मालमत्ता पुढील तंट्याच्या मुळाशी होती असे रखमाबाईंच्या पक्षाचे म्हणणे होते. डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या संस्थापकांपैकी ते एक होत. औषधी वनस्पतींची चर्चा, रोग्यांची ये-जा आणि इंग्रजी ग्रंथ यांच्या सहवासात ही मुलगी वाढली. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, शाळा सुटली आणि पुढील अध्ययन घरीच चालू राहिले. ती पतिगृही गेली नाही.

१८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. प्रकरण सुरू असतानाच १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन मृत्यू पावले. त्याच वर्षी सप्टेंबरात न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. त्यांच्या विवेचनातील मर्म असे की, जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही त्याची ‘पुनः’स्थापना होऊ शकत नाही, शिवाय हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, तो इंग्लंडच्या चर्चन्यायालयांतून येथे आलेला आहे. मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्या. बेली यांनी १८८६ मध्ये हा निर्णय फिरवून प्रकरण पुन्हा खाली धाडले, आणि त्यातून फॅरन यांचा उपरोक्त हुकूम निघाला. येथे एक विपर्यास नमूद केला पाहिजे. असा हुकूम मोडणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने स्वतःपुरती १८८४ मध्येच रद्द केली होती. ‘केसरी’सारखी पत्रे हिंदू धर्माचे रक्षण म्हणून ज्या उपायाचे समर्थन करीत होती, तो परकीय तर होताच, परंतु परकीयांनीही त्याचे दात काढून टाकले होते.

पतीकडे जाण्यापेक्षा तुरुंग पत्करू, असे रखमाबाईंनी स्पष्ट सांगितले. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. व्हिक्टोरिया राणीने हा विवाह रद्द केला, अशी जी कथा वारंवार लिहिली जाते तिला यात जागा नाही. हुकूम तसाच राहिला आणि वाद तडजोडीने मिटला.

तडजोडीनंतर वैद्यकाचा मार्ग त्यांनी का निवडला, याचे उत्तर घराच्या वातावरणात आहे तितकेच मुंबईच्या कामा रुग्णालयातही आहे. त्या रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची या एडिंबरोच्या विद्यापीठात प्रवेशासाठी झगडलेल्या सात स्त्रियांपैकी एक. त्यांच्या उत्तेजनाने व इंग्लंडमधील हितचिंतकांच्या साहाय्याने रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या. हे विद्यालय स्वतः पदवी देत नसे. तेथील विद्यार्थिनी अन्य मंडळांच्या परीक्षांना बसत. रखमाबाईंनी १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या संयुक्त मंडळाची परीक्षा दिली आणि एम्.डी. ही पदवी ब्रुसेल्सची घेतली.

‘भारतातील पहिली व्यवसाय करणारी स्त्री-डॉक्टर’ हे बिरुद त्यांच्या नावामागे लावण्याची प्रथा आहे. काटेकोरपणे पाहता ते टिकत नाही. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली १८८६ मध्ये तेथील वैद्यकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण झाल्या आणि १८८८ पासून लेडी डफरिन रुग्णालयात काम करू लागल्या. पदवीचा मान आनंदीबाईंचा. कल्याणास आरंभ झालेले त्यांचे शिक्षण गोपाळरावांच्या बदलीमुळे काही काळ अलिबागेस झाले, ही गोष्ट कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, अभ्यासकाने विसरू नये. रखमाबाईंचे महत्त्व क्रमांकात नाही, सातत्यात आहे.

या दृष्टीने एक परदेशी उदाहरण उद्बोधक ठरेल. रिबेका ली क्रम्प्लर ही अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिला बोस्टनच्या महाविद्यालयाने पदवी दिली ते वर्ष १८६४, म्हणजे रखमाबाईंच्या जन्माचे. यादवी युद्ध संपल्यावर तिने रिचमंड येथे मुक्त झालेल्या गुलामांवर उपचार केले आणि १८८३ मध्ये स्त्रिया व बालके यांच्या आरोग्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १८९५ मध्ये ती वारली. त्याच वर्षी रखमाबाई सुरतेस रुजू झाल्या. वर्ण आणि जात, गुलामगिरी आणि बालविवाह यांची सरमिसळ करणे योग्य नव्हे. परंतु ज्यांच्यापर्यंत पुरुष डॉक्टर पोहोचत नव्हता किंवा पोहोचू इच्छीत नव्हता, अशा रुग्णांतच दोघींचे आयुष्य गेले.

सुरतेतील काम सोपे नव्हते. रुग्णालय म्हणजे मरणाचे दार, ही समजूत बायकांत दृढ होती. बाळंतपणासाठी कोणी येईना, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून तिला सुखरूप विऊ दिले आणि मग बायका येऊ लागल्या, अशी आठवण सांगितली जाते. तपशील कसाही असो, अडचण कोणत्या जातीची होती हे त्यावरून कळते; ती शस्त्रक्रियेच्या ज्ञानाने सुटणारी नव्हती. सुरतेसारख्या जुन्या व्यापारी शहरात ही स्थिती, तर धरमतरच्या खाडीपलीकडील पेण किंवा कुंडलिकेच्या काठचे रोहे येथील बाळंतिणीस सुइणीवाचून दुसरा आधार नव्हता, हे निराळे सांगावयास नको. स्त्री-डॉक्टरांच्या नेमणुका मोठ्या शहरांत व संस्थानांच्या राजधान्यांत होत. तालुक्याचे गाव त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले. १८९६ मध्ये मुंबईस उद्भवलेला प्लेग गुजरातेत पसरला, तेव्हाही रखमाबाई आपल्या जागी होत्या.

१९०४ मध्ये दादाजी वारले. ज्या विवाहास त्यांनी कधी मान्यता दिली नाही त्याचे वैधव्य मात्र त्यांनी पांढरे लुगडे नेसून स्वीकारले. चरित्रकारांना ही गोष्ट अडचणीची वाटते. त्यांनी भोवतालच्या समाजास शरण जाऊन असे केले, की त्याच समाजातील बायकांचा विश्वास राखण्यासाठी, याचा निवाडा उपलब्ध साधनांवरून करता येत नाही. दुसरा तर्क त्यांच्या व्यवसायाच्या स्वरूपाशी अधिक जुळतो इतकेच. सुरतेनंतर त्या राजकोटच्या स्त्री-रुग्णालयात गेल्या आणि १९२९ च्या सुमारास निवृत्त झाल्या. पडदापद्धती बंद व्हावी अशी मागणी करणारी त्यांची पुस्तिका त्याच काळातील आहे. चार भिंतींआड राहिलेल्या शेकडो स्त्रियांची प्रकृती तपासलेल्या व्यक्तीचे ते मत आहे, म्हणून त्याची गणना केवळ सुधारकी वाङ्मयात करणे पुरेसे नाही.

ज्या तरतुदीखाली त्यांना कारावासाची भीती दाखविली गेली ती हिंदुस्थानच्या दिवाणी कायद्यातून १९२३ मध्ये निघाली. मूळ दावा मात्र १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या नवव्या कलमात कायम राहिला. तो अधिनियम मे महिन्यात अमलात आला. रखमाबाई त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी मुंबईस वारल्या.