विठाबाईंच्या नावाचं मानपत्र

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या पाठीशी भीमाशंकरचं पठार आहे आणि त्यापलीकडे, जुन्नर तालुक्यात, नारायणगाव. घाटाखालच्या मुरबाडकराला जत्रेसाठी तमाशा ठरवायचा असेल, तर माळशेज चढून तिकडेच जावं लागतं. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. फडाचे व्यवस्थापक आत बसलेले असतात. गावोगावचे पुढारी या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन तारीख पक्की करतात.

याच गावाचं नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी आडनावासारखं मिरवलं. महाराष्ट्र शासनाचा तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाचा. तमाशात हयात घालवलेल्या कलावंताला तो दिला जातो. बरीच वर्षं त्याचं स्वरूप पाच लाख रुपये, मानपत्र आणि मानचिन्ह असं होतं. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या कारभारात एका तमाशावाल्या बाईचं नाव असं कायमचं नोंदलं गेलं.

विठाबाई 1935 साली पंढरपुरात जन्मल्या. वडील आणि चुलते यांच्या भाऊ-बापूंच्या फडात त्या वाढल्या. दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचता नाचता कळा आल्या, त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही गोष्ट तमाशाच्या मुलखात आजही सांगतात. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, पण 2002 साली त्या गेल्या त्या शेवटची वर्षं ओढगस्तीत काढून. त्यांच्या नावाचा पुरस्कार आला तो त्यांच्या माघारी.

पहिल्या मानकरी ठरल्या कांताबाई सातारकर. 1964 साली पती तुकाराम खेडकर गेल्यावर पुढे त्यांनी स्वतःचा फड उभा केला. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही हा मान मिळाला. मंगलाताईंच्या हाती आलेल्या मानपत्रावर आईचंच नाव होतं.

पण फडाचा गाडा मानपत्रावर चालत नाही. दसऱ्याला फड बाहेर पडायचा, तर आधी कलावंतांना उचल द्यावी लागते. ट्रक, तंबू, कनात, जनरेटर यांचा खर्च असतोच. त्यासाठी कर्ज काढायचं आणि ते बुद्धपौर्णिमेपर्यंतच्या खेळांतून फेडायचं. कोरोनात जत्रा बंद पडल्या तेव्हा गण-गौळण थांबली, व्याज मात्र थांबलं नाही. जीवनगौरवाची रक्कम कलावंताच्या उतारवयाला आधार देते, हंगामाचं भांडवल तिच्यातून उभं राहत नाही.

तरी तो मान वाया जात नाही. फडाचं नाव हीच फडाची वंशावळ असते. आधी आईचं नाव, मग लेकीचं, मग नातवाचं. एखादं पदक मिळालं की तेही फलकावर चढतं. सरकारने तो मान आयुष्यभराच्या कामासाठी दिलेला असतो. राहुटीत सुपारी ठरवताना फडाचा माणूस पुढच्या एका रात्रीसाठी त्याच फलकाकडे बोट दाखवतो.