लिंकन यांचे स्प्रिंगफील्ड येथील घर

अब्राहम लिंकन यांनी मुख्याध्यापकांस लिहिलेले म्हणून जे पत्र आपल्या शाळांतून चौकटीत घालून लावलेले आढळते, ते वसंत बापट यांच्या मराठी रूपामुळे सर्वतोमुखी झाले. लिंकन यांनी असे पत्र लिहिल्याचा पुरावा मात्र आजवर उपलब्ध नाही. त्यांची जन्मकुटी म्हणून केंटकी राज्यात जतन केलेल्या झोपडीचे ओंडकेही त्यांच्या जन्मानंतर कित्येक वर्षांनी तोडलेल्या झाडांचे आहेत, असे लाकडातील वर्तुळांच्या परीक्षणावरून २००४ मध्ये निष्पन्न झाले. त्यामुळे ज्या वास्तूच्या खरेपणाविषयी शंका नाही, त्या इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील घराचे महत्त्व विशेष आहे. लिंकन यांच्या मालकीचे असे हे एकच राहते घर होय.

हे लाकडी घर चार्ल्स ड्रेसर या धर्मोपदेशकाने १८३९ मध्ये बांधविले. १८४२ मध्ये लिंकन दांपत्याचा विवाह लावणारे उपाध्याय हेच. पुढे १८४४ मध्ये लिंकन यांनी त्यांच्याकडून हे घर विकत घेतले. किंमत रोख १२०० डॉलर आणि ३०० डॉलर मोलाची एक जागा अशी ठरली. वास्तू त्या वेळी दीड मजली होती. संसार वाढला, वकिलीही वाढली, तेव्हा १८५६ च्या सुमारास तिच्यावर पुरता दुसरा मजला चढविण्यात आला. लिंकन यांचे तीन पुत्र याच घरात जन्मले. त्यांपैकी एडी हा चार वर्षांचा होण्यापूर्वीच १ फेब्रुवारी १८५० रोजी याच घरी वारला. मे १८६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची वार्ता घेऊन पक्षाचे प्रतिनिधी आले, ते याच घराच्या दिवाणखान्यात. एकाच छपराखालील सुखदुःखांचा हा क्रम पाहिला म्हणजे ग्रंथांतील लिंकन गृहस्थ म्हणून डोळ्यांपुढे उभे राहतात.

फेब्रुवारी १८६१ मध्ये कुटुंब वॉशिंग्टनला निघाले, तेव्हा घर भाड्याने देण्यात आले. १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि ते घरी परतलेच नाहीत. पुढील भाडेकरूंमध्ये ओल्ड्रॉइड नावाचे एक संग्राहक होते. त्यांनी तेथे लिंकनविषयक वस्तूंचे प्रदर्शन मांडले, पण भाडे थकविले. अखेर १८८७ मध्ये थोरले चिरंजीव रॉबर्ट यांनी घर इलिनॉय राज्यास बक्षीस दिले. अटी दोनच होत्या : घर सदैव सुस्थितीत राखावे आणि पाहणाऱ्यांकडून प्रवेशमूल्य घेऊ नये. पुढे ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आले आणि १९८७-८८ मध्ये त्याचा मोठा जीर्णोद्धार झाला.

या इतिहासात आपल्या विचारास योग्य अशी एक गोष्ट आहे. हे घर टिकले ते केवळ मालकाच्या कीर्तीमुळे नव्हे. वारसाने वेळीच निर्णय केला, तो बक्षीसपत्रात अटींसह लिहून ठेवला आणि सांभाळणारी संस्था नेमली, म्हणून ते टिकले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी घराण्यांचे वाडे वाटण्यांच्या वेळी पाडले जातात आणि त्यांबरोबर खरेदीखते, जमाखर्चाच्या वह्या व पत्रव्यवहारही रद्दीत जातो. प्रत्येक वाडा राखणे शक्य नाही, हे खरे. परंतु वाटणीपूर्वी त्याचा आराखडा काढून घ्यावा, कोणत्या खोलीत काय घडले ते वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे आणि दप्तर एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे, एवढे कोणत्याही कुटुंबास करता येईल. हे न केल्यास पुढील पिढ्यांच्या हाती आख्यायिकाच उरतील.