माळ्याचे चौरस फूट सांगण्याआधी छप्पर तिरकं करून बघा

पनवेलच्या आसपास, नेऱ्याकडे, कर्नाळ्याच्या बाजूला फार्महाऊसची कामं घेणारे बरेच फॅब्रिकेटर आणि सुतार आपला चॅनल बघतात. त्यांच्यासाठी आज छप्पर आणि माळा. सॉफ्टवेअर तेच, स्वीट होम थ्रीडी. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं.

गिऱ्हाईक विचारतं, "वर माळा किती मिळेल?" आपण खालचं माप बघतो, २० बाय ३०, आणि सांगून टाकतो, "६०० फूट." भांडण इथूनच सुरू होतं.

हिशोब करू. रुंदी २० फूट, मधोमध आढं, दोन्हीकडे पाखं, उतार ३० अंश. अर्धी रुंदी १० फूट, म्हणजे आढं बाजूच्या भिंतीपेक्षा साधारण ५ फूट ९ इंच वर जातं. माळ्यावर बाजूची भिंत ३ फूट धरली तर आढ्याखाली ८ फूट ९ इंच. ऐकायला मस्त. पण ६ फूट उंचीचा माणूस भिंतीपासून ५ फूट २ इंच आत आल्यावरच सरळ उभा राहतो. दोन्हीकडून तेवढं सोडलं की मधे साडेनऊ फुटांचा पट्टा उरतो. ६०० मधले उभं राहण्याजोगे फक्त २८८ फूट! वासे आणि आतलं सीलिंग धरलं तर अजून कमी. बाकी जागा गाद्या आणि ट्रंका ठेवायला.

आता हेच स्क्रीनवर. आधी नवीन लेव्हल घ्या. बाजूच्या दोन भिंतींची उंची ३ फूट. समोरची आणि मागची भिंत, जी वर त्रिकोणी होते, ती बरोबर मध्यावर स्प्लिट करा. मग प्रत्येक तुकड्यावर डबल क्लिक करून 'स्लोपिंग वॉल' निवडा, एका टोकाला ३ फूट, दुसऱ्याला ८ फूट ९ इंच. सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे भिंत ज्या दिशेने काढली त्यावर ठरतं. त्रिकोण उलटा झाला तर घाबरू नका, आकडे अदलाबदल करा.

सीलिंगसाठी एकच मोठी खोली काढू नका. आढ्याच्या रेषेवर भाग पाडून दोन खोल्या काढा, एका पाख्याखाली एक. सीलिंग भिंतींच्या उंचीप्रमाणे तिरकं बसतं. एकच खोली काढली तर ते वेडंवाकडं दुमडतं.

बाहेरचं छप्पर दाखवायला कॅटलॉगमधला बॉक्स घ्या, पातळ करा, ३० अंशात कलता करा, मग वर-खाली सरकवून भिंतीवर बसवा. बॉक्सची लांबी टाकताना मात्र थांबा, कारण तीच पत्र्याची लांबी. वळचण २ फूट बाहेर काढली तर आडवं माप १२ फूट, पण उतारावरचं १३ फूट १० इंच. दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर धरून लांबी ३२ फूट. नकाशावर वरून ७६८ चौरस फूट दिसतं, पत्रा लागतो ८८७. जवळपास १२० फुटांचा फरक, तोही ओव्हरलॅप आणि आढ्याची टोपी सोडून. कोटेशन वरच्या मापाने दिलं असेल तर हे पैसे तुमच्या खिशातून.

थ्रीडीत फिरवून बघितलं की अजून एक गोष्ट कळते. आपल्याकडच्या पावसात २ फूट वळचण हवीच, पण ती माळ्याच्या जमिनीपासून जेमतेम १ फूट १० इंचांवर उतरते. म्हणजे बाजूच्या भिंतीत खिडकी विसरा. उजेड आणि वारा त्रिकोणी भिंतींमधूनच. पत्र्याखालचा माळा मे महिन्यात कसा तापतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, त्यामुळे समोरासमोर दोन्हीकडे खिडक्या ठेवा.

उतार कमी करू का, असं गिऱ्हाईक विचारेल. पत्र्याला चालतं, मंगलोरी कौलांना नाही, पाणी मागे सरकतं. आणि २० अंशांवर आढं फक्त ३ फूट ८ इंच चढतं. मधली उंची ६ फूट ८ इंच. पंखा लावायचा कुठे? हे त्याला बोलून पटत नाही. कॅमेरा माळ्यावर उभा करून दाखवा.

एल आकाराच्या घराला, जिथे दोन पाखी आत मिळतात, तिथे बॉक्सची युक्ती पुरत नाही. ती व्हॅली पुढच्या व्हिडिओत काढू.