टेलिकेअर : एकाकी वृद्धांची हाक आणि आपली जबाबदारी

वार्धक्य, अपंगत्व वा दीर्घकालीन व्याधी यांनी ग्रासलेल्या व्यक्तीची बहुधा एकच इच्छा असते : उरलेले दिवस आपल्याच घरात जावेत. या इच्छेचा मान राखला जावा आणि सुरक्षिततेसही बाध येऊ नये, या हेतूने ब्रिटनमध्ये गेल्या काही दशकांत जी व्यवस्था रूढ झाली, तिला ‘टेलिकेअर’ असे म्हणतात. दुरून घेतलेली निगा, हा तिचा सरळ अर्थ होय.

व्यवस्थेचे स्वरूप

गळ्यात वा मनगटावर बाळगावयाचे बटण, दूरध्वनीस जोडलेली पेटी आणि अहोरात्र चालणारे मदत केंद्र ही या व्यवस्थेची तीन प्रमुख अंगे होत. बटण दाबताच पेटी केंद्राशी संपर्क साधते. कर्मचाऱ्यासमोर त्या व्यक्तीचा पत्ता, आजार व निकटवर्तीयांचे दूरध्वनी क्रमांक येतात आणि पेटीद्वारेच तो तिच्याशी बोलू लागतो. प्रसंग पाहून शेजारी, नातलग वा रुग्णवाहिका यांना कळविण्यात येते. दार बंद असल्यास खोळंबा होऊ नये, म्हणून सांकेतिक क्रमांकाने उघडणारी किल्लीची पेटी दाराबाहेर बसविलेली असते. ज्यांना बटण दाबणे शक्य नाही, त्यांच्यासाठी सेन्सर असतात. व्यक्ती पडली, घरात धूर झाला वा रात्री बिछान्यातून उठलेली व्यक्ती परतली नाही, तर ते आपोआप सूचना देतात.

बटण असूनही

अशा साधनांची गरज किती, हे केंब्रिज येथील अभ्यासावरून दिसून येते. नव्वदी ओलांडलेल्या ११० व्यक्तींची वर्षभर पाहणी करून त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध करण्यात आले. वर्षभरात ६६ जण (६० टक्के) पडले. त्यांपैकी ५३ जणांना निदान एकदा तरी स्वतःहून उठता आले नाही आणि २० जण तासभर वा त्याहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिले. असे पडून राहणे आणि गंभीर दुखापत, रुग्णालयात दाखल होणे व पुढे घर सोडावे लागणे यांचा निकटचा संबंध आढळला. विशेष म्हणजे मदतीची बटणे अनेकांजवळ होती; तरीही दीर्घकाळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगी ती वापरलीच गेली नाहीत. साधन देणे आणि ते अंगवळणी पाडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या अभ्यासाचा बोध होय.

इंग्लंडमधील प्रयोग

कॉर्नवॉल, केंट व न्यूहॅम या तीन भागांत २००८ पासून मोठा प्रयोग हाती घेण्यात आला. त्यातील टेलिकेअरच्या चाचणीत सुमारे २,६०० व्यक्ती सहभागी होत्या. यंत्रसामग्री मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची वर्षभर तुलना करण्यात आली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्णालयातील वा निवासी शुश्रूषागृहातील प्रवेश लक्षणीय प्रमाणात घटल्याचे दिसले नाही. यावरून टेलिकेअर निरुपयोगी ठरत नाही. मात्र केवळ यंत्र बसविल्याने शासकीय खर्चात बचत होईल, ही अपेक्षा फोल ठरली.

अलीकडे तेथे आणखी एक प्रश्न उद्भवला. तांब्याच्या तारांवरील जुने दूरध्वनी बंद करून नवी डिजिटल जोडणी देण्याचे काम सुरू झाले. जुन्या दूरध्वनीस तारेतूनच वीज मिळे; नवी जोडणी मात्र घरातील वीज गेल्यास, बॅटरीची सोय नसेल तर, बंद पडते. अशा वेळी मदतीची हाक पोहोचणार कशी? मुख्यत्वे या वृद्धांचा विचार करूनच जुनी सेवा बंद करण्याची डिसेंबर २०२५ ची मुदत २०२४ साली जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली.

आपल्यापुढील कार्य

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १ कोटी ११ लाखांच्या घरात होती. मुलेबाळे नोकरीधंद्यानिमित्त शहरात आणि म्हातारी माणसे गावी, हे चित्र आता नवे राहिलेले नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये देशभर सुरू झालेली १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची मदतवाहिनी माहिती, मार्गदर्शन व आधार देते. तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक आहे. तथापि दूरध्वनीपर्यंत सरपटत जाणेही ज्याला शक्य नाही, त्याची हाक या क्रमांकांवर पोहोचणार नाही.

म्हणूनच यंत्राची वाट न पाहता ग्रामपंचायतींना काही गोष्टी आजच करता येतील. गावात एकट्या राहणाऱ्या वृद्ध व अपंग व्यक्तींची यादी करावी. प्रत्येकासाठी दिवसातून एकदा विचारपूस करणारा आणि घराची दुसरी किल्ली सांभाळणारा शेजारी नेमावा. मात्र हे सर्व त्या व्यक्तीच्या संमतीने व्हावे. काळजीच्या नावाखाली पाळत ठेवली जाऊ नये. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी आजी-आजोबांना मोबाइलवरून एका कळीने घरच्यांशी संपर्क साधण्याचा सराव करवून घ्यावा. पुढे बटण व सेन्सर आलेच, तर त्यांची बॅटरी आणि संपर्काची सोय नियमित तपासण्याची जबाबदारीही कोणावर तरी निश्चित असावी.

यंत्र हाक पोहोचविते. धावून जावे लागते ते माणसालाच. तो माणूस कोण, हे प्रत्येक गावाने आधीच ठरवून ठेवले, तरच पुढे येणारी साधने कारणी लागतील.