व्यायला आलेली गाय आणि काळं गिधाड

गिधाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेलेलं ढोर येतं. जिवंत जनावराच्या वाटेला गिधाड जात नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि आपल्याकडच्या गिधाडांपुरतं ते बरोबरही आहे. पण अमेरिकेत केंटकी, टेनेसी, इंडियाना या राज्यांत गाई पाळणाऱ्याला विचारा. गाई व्यायला लागल्या की त्याची नजर आधी आभाळाकडे जाते.

तिथे दोन जातींची गिधाडं जास्त दिसतात. लाल डोक्याचं टर्की गिधाड बहुतेक मेलेल्यावरच जगतं, वासावरून मढं शोधतं. दुसरं काळं गिधाड. वजन जेमतेम दोन किलो, पण थव्यानं येतं. हिवाळे सौम्य होत गेले तसं ते उत्तरेकडे पसरत गेलं. आपल्या गिधाडांशी त्याचं जवळचं नातं नाही. अमेरिकेतल्या गिधाडांचं कूळच वेगळं.

आता गाय वितानाचा प्रसंग बघा. गाय आडवी पडलेली, वासरू अर्धं बाहेर. काळी गिधाडं कुंपणावर बसून असतात. वार हे त्यांचं खाणं, त्यासाठी ती येतातच. पण वासरू ओलं, लटपटतं असेल, तर ती डोळे, जीभ, बेंबी, शेपटीखालचा भाग अशा मऊ जागी चोची मारतात. अडलेल्या गाईलाही सोडत नाहीत. निरोगी वासरू साधारण तासा-दोन तासांत उभं राहतं, आईला चाटू देतं, पितं. सांभाळायचे ते हेच तास.

म्हणून सगळ्यात उपयोगी उपाय सगळ्यात साधा आहे: व्यायला आलेल्या गाई दूरच्या माळावर ठेवायच्या नाहीत, घराजवळच्या कुरणात आणायच्या. पहिल्या वेताच्या कालवडी तर नक्कीच, कारण त्या अडतात जास्त आणि बावरतातही. सगळ्या गाई ठरावीक काळातच वितील असं नियोजन केलं, तर राखण वर्षभर करावी लागत नाही. वार आणि मेलेलं वासरू लगेच उचलायचं. राखणीचा कुत्रा असेल तर फारच चांगलं. काही जण संध्याकाळी वैरण टाकतात, म्हणजे बऱ्याच गाई दिवसा वितात. पण गिधाडही दिवसाचाच पक्षी. तेव्हा माणूस तिथे हजर असेल तरच त्याचा फायदा.

‘मग गोळी का घालत नाहीत?’ असं मघाशी कुणीतरी विचारलंत. स्थलांतरित पक्ष्यांच्या १९१८ च्या कायद्याखाली या पक्ष्याला संरक्षण आहे. परवान्याशिवाय मारता येत नाही. आवाज करून हुसकावायला मात्र मुभा आहे. मेलेलं गिधाड पंख लोंबते ठेवून उलटं टांगलं की बाकीची ती जागा सोडतात, हे तिथे आजमावलेलं आहे. पण खरं मढं टांगायलाही परवाना लागतो, म्हणून बनावट बाहुलंही वापरतात. माझं मत विचाराल तर बाहुल्यानं थवा हलतो, पण राखण संपत नाही.

आणि एक गोष्ट लोक घाईत विसरतात. मेलेल्या वासरावर गिधाडं दिसली म्हणजे त्यांनीच मारलं असं नाही. ते मेलेलंच जन्मलं असेल. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकून बघतात. तरंगला तर वासरानं श्वास घेतला होता. पोटात चीक आहे का, खुरांची मऊ टोकं चालून झिजलीत का, जखमेभोवती कातडीखाली रक्त साकळलंय का, हे बघायचं. जिवंतपणी झालेल्या जखमेतच तसं रक्त साकळतं. सरकारी भरपाई मागायची तर पुरावा लागतो. आणि पुढच्या वेळी राखण वाढवायची की अडलेल्या गाईला वेळेवर मदत करायची, हेही त्यावरच ठरतं.

शेवटी तुमच्या मनातली शंका: आपल्याकडेही गिधाडांपासून गाई राखायच्या का? नाही. आपल्याकडे उलट झालं. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकमुळे त्यांची मढी खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर ९९ टक्क्यांहून जास्त घटली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली. आपल्या गोठ्यात गाय विताना वासराजवळ जायचा धोका भटक्या कुत्र्यांचा. राखण करायची ती त्यांच्यापासून.